मुळातून तुटलेला पुढचा दात आणि आतली पोस्ट: ताण नेमका कुठे जातो?

फोंडा_एन्डो

एक केस चर्चेला ठेवतोय. वय २२, पुरुष, दुचाकीवरून पडून चार महिने झालेत. वरचा डावा मधला दात, २१ नंबर. मूळ आडवं तुटलंय. फट सिमेंट-इनॅमल जोडापासून (दाताचा दिसणारा भाग आणि मूळ मिळतात ती रेषा; पुढे नुसतं ‘जोड’) मुळाच्या शेंड्याच्या दिशेने साधारण ५ मिमीवर. सीबीसीटीवर (दातांचा त्रिमितीय स्कॅन) मुळाची पूर्ण लांबी १३ मिमी, म्हणजे शेंड्याकडचा तुकडा ८ मिमीचा. अपघातानंतर लावलेली तार तीन आठवड्यांतच सुटली आणि पुन्हा कुणी लावली नाही.

सध्या दर्शनी तुकडा (फटीच्या अलीकडचा, तोंडात दिसणारा) पुढे-मागे जवळपास १ मिमी हलतो. थंड आणि विजेची चाचणी, दोन्हींना उत्तर नाही. फटीच्या दोन्ही अंगांना हाडात सावली (हाड झिजल्याची खूण) आहे, आणि नेहमी दिसत नाही अशी गोष्ट म्हणजे शेंड्यापाशीही सावली आहे. तुकड्यांमधलं अंतर अर्ध्या मिमीहून कमी. हिरडीत खिसा नाही, प्रोब कुठेच ३ मिमीच्या पलीकडे जात नाही.

दोन्ही तुकड्यांतून फायबर पोस्ट (कॅनलमध्ये चिकटवायची बारीक काडी) घालून आतून स्प्लिंट करावं, म्हणजे तुकडे एकमेकांना बांधावेत, असा विचार आहे. फायबर की टायटॅनियम, किती जाडीची, आणि मुख्य म्हणजे चावताना ताण कुठे एकवटतो, यावर मतं हवीत.

मांडवीकाठ

पोस्टकडे जाण्याआधी एक गोष्ट, कारण हा धागा पुढे विद्यार्थीही वाचतील. मूळ तुटलं म्हणजे आतून स्प्लिंट, असं समीकरण नाही. आयएडीटीच्या (दातांच्या दुखापतींवरची आंतरराष्ट्रीय संघटना) २०२० च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: दर्शनी तुकडा जागेवर बसवा, एक्सरे घेऊन खात्री करा, लवचिक स्प्लिंट ४ आठवडे ठेवा, फट ग्रीवेजवळ (हिरडीलगतच्या भागात) असेल तर ४ महिन्यांपर्यंत. सुरुवातीलाच रूट कॅनल करू नका. बहुतेक दातांत नस टिकते. मेली तरी सहसा दर्शनी तुकड्यातलीच मरते, तेव्हा फटीपर्यंतच कॅनल साफ करून भरायचा आणि शेंड्याकडच्या जिवंत तुकड्याला हात लावायचा नाही.

तुमच्या केसमध्ये शेंड्याशी सावली आहे आणि दर्शनी तुकडा हलतोय, म्हणून प्रश्न वेगळा झाला. पण ती सावली नक्की शेंड्याचीच आहे ना, हे पुन्हा बघा. तिरकी फट एका कोनातून दोन रेषांसारखी दिसते आणि फटीची सावली शेंड्यावर चढते. सीबीसीटीचे बाजूचे काप एकामागून एक तपासा. शेंड्याभोवतीची पीडीएलची (मूळ आणि हाड यांमधल्या पातळ तंतूंची) रेषा अखंड असेल तर त्या तुकड्यात फाइल (कॅनल साफ करायची सुई) घालणं म्हणजे जिवंत नस मारून पोस्टसाठी जागा करणं.

फोंडा_एन्डो

बाजूचे काप बघितलेत. शेंड्यावर पीडीएलची रेषा तुटलेली आहे, सावली साधारण ३ मिमीची, आणि फटीच्या सावलीपासून वेगळी. मध्ये निरोगी हाड आहे.

मांडवीकाठ

मग मान्य. दोन्ही तुकडे मेलेले आणि दर्शनी तुकडा अस्थिर, ही आतल्या स्प्लिंटची खरी जागा. आता यंत्रशास्त्रवाल्यांनी बोलावं.

फर्मागुढी_मेकॅनिकल

दंतवैद्य नाही, पण दातांच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलवर (संगणकात वस्तूचे बारीक तुकडे पाडून ताण मोजायची पद्धत) काम चालू असतं. आधी हातानेच हिशोब करू, संगणक नंतर.

पुढच्या दातावर १०० न्यूटन, दाताच्या अक्षाशी ४५ अंशांत, टाळूच्या बाजूने: बहुतेक अभ्यासांत हाच भार धरतात. याचा आडवा घटक ७१ न्यूटन. भार जोडापासून ७ मिमीवर पडतो असं धरा. फट जोडाच्या दुसऱ्या बाजूला ५ मिमीवर. म्हणजे फटीपाशी भुजा १२ मिमी, आणि वाकवणारा मोमेंट ७१ × १२, सुमारे ८५० न्यूटन-मिमी. उभा घटक आणि हाडाचा आधार तूर्त बाजूला ठेवलाय.

अखंड मूळ इथे ५ मिमी व्यासाचं धरलं तर बाहेरच्या कडेवर ताण येतो जवळपास ७० मेगापास्कल. डेंटिन, म्हणजे मूळ ज्याचं बनलंय तो कठीण भाग, तो सोसतं. आता मूळ तुटलंय आणि सगळा मोमेंट एकट्या १.५ मिमीच्या पोस्टने घ्यायचाय असं समजा. तिच्या कडेवरचा ताण निघतो सुमारे २५७० मेगापास्कल. चांगल्या ग्लास फायबर पोस्टची वाकवण्याची ताकद साधारण १००० च्या आसपास असते. म्हणजे एका जोरदार चाव्याला लागते त्याच्या अडीचपट कमी! स्टीलची पोस्टही या ताणाला वाकेल.

कारण साधं आहे. वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. ५ मिमीचं मूळ १.५ मिमीच्या पोस्टपेक्षा वाकायला सव्वाशे पट कठीण, तेही दोन्हींचं मटेरियल सारखं धरून. म्हणूनच अखंड मुळात पोस्ट घातल्याने मूळ मजबूत होत नाही. पोकळ बांबूच्या पोकळीत काडी घालून बांबू बळकट होत नाही, कारण सगळा भार बाहेरच्या सालीवर असतो आणि मधोमध ताण जवळपास शून्य असतो. मूळ तुटलं की मात्र चित्र उलटतं. फटीपाशी साल नाहीच, आणि जी पोस्ट एरवी नुसती बसून होती ती एकमेव दुवा होते.

तेव्हा प्रश्न फायबर की टायटॅनियम हा नाही. मोमेंटचा किती हिस्सा पोस्टपर्यंत पोचू द्यायचा, हा आहे. १.५ मिमी फायबर पोस्ट तुटेपर्यंत सुमारे ३३० न्यूटन-मिमी घेईल. रोजच्या लाखो चाव्यांचा थकवा धरून निम्मं घ्या: १६५. म्हणजे ८५० पैकी पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से हाडाने, तुकड्यांच्या एकमेकांवर टेकण्याने आणि शेजारच्या दातांनी घ्यायला हवेत.

डिचोली_दंतवैद्य

हा हिशोब वाचून एक शंका. कंपन्यांच्या पोस्टवर लिहिलेला १.५ मिमी हा वरच्या, जाड टोकाचा व्यास असतो. निमुळती पोस्ट १.५ वरून ०.९ वर येते. ५ मिमी मुळात आणि ३–४ मिमी दातात, म्हणजे फटीपर्यंत पोचेस्तोवर ती १.२–१.२५ झालेली असते ना?

फर्मागुढी_मेकॅनिकल

अगदी बरोबर, आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. ताण व्यासाच्या तिसऱ्या घाताने बदलतो. १.५ च्या जागी १.२५ झाली की त्याच मोमेंटला ताण १.७ पट. पोस्ट निवडताना वेष्टनावरचा आकडा बघू नका. पोस्ट मुळाच्या एक्सरेवर ठेवा, फट जिथे येते तिथे खूण करा आणि त्या खुणेवर व्हर्नियरने व्यास मोजा. समांतर पोस्ट फटीपाशी जाड राहते, पण तिच्या शेंड्याकडच्या टोकाला मुळाची भिंत पातळ होते. दोन टप्प्यांची पोस्ट, म्हणजे वर समांतर आणि टोकाला निमुळती, या कामाला सगळ्यांत योग्य वाटते.

मांडवीकाठ

जाडीला दुसऱ्या बाजूनेही मर्यादा आहे. पोस्ट मुळाच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून जाड नको. फटीपाशी मूळ ५ मिमी तर १.६ पर्यंत चालेल. पण पोस्टचं टोक जिथे थांबतं तिथे मूळ ४ मिमीच असेल, तिथे १.३ च्या पुढे जाऊ नका. जाड पोस्टच्या मोहात भिंत कोरली की आडव्या फटीच्या जोडीला उभी फट मिळते, आणि तिला इलाज नाही.

साळावली

मटेरियलबद्दल कुणी बोललं नाही. मॉड्युलसचे (मटेरियलच्या कडकपणाचे) नेहमीचे आकडे: डेंटिन १८ गिगापास्कलच्या आसपास, ग्लास फायबर पोस्ट लांबीच्या दिशेने ३७ आणि आडवी ९–१०, टायटॅनियम ११०, स्टील आणि झिर्कोनिया २००च्या घरात. फायबर डेंटिनच्या जवळ म्हणून ती चांगली, हे आम्ही कॉलेजपासून ऐकतो. पण तुटलेल्या मुळात ते तसंच लागू होतं का? लवचिक पोस्ट फट उघडू देईल ना?

फर्मागुढी_मेकॅनिकल

उघडू देईलच. त्याच जाडीची स्टीलची पोस्ट फायबरपेक्षा पाचपट कमी वाकते, टायटॅनियमची तिप्पट कमी. फट स्थिर ठेवायची इतकाच हेतू असेल तर कडक पोस्ट जिंकते. पण कडक पोस्ट मोमेंट स्वतःकडे ओढून घेते आणि जिथे संपते तिथे एकदम डेंटिनच्या हवाली करते. मॉडेलमध्ये पोस्टच्या शेंड्याकडच्या टोकाभोवती लाल ठिपका दिसतो तो हाच. तुमच्या केसमध्ये ते टोक शेंड्याकडच्या तुकड्यात ४ मिमी आत असेल, तिथे भिंत सव्वा-दीड मिमीची. फायबरमध्ये तोच ताण पोस्टच्या लांबीभर पसरतो, मात्र फटीपाशी सिमेंटवर घासण्याचा ताण वाढतो.

म्हणजे दोन्हींत बिघाड वेगळा. फायबर हरली तर सिमेंट सुटतं किंवा पोस्ट फटीपाशी दुमडते, आणि दात परत हलायला लागतो. टायटॅनियम हरलं तर शेंड्याकडचा तुकडा उभा चिरतो. पहिल्यात पुन्हा काही करता येतं.

मॉडेल बघताना एक सावधगिरी. बऱ्याच मॉडेलांत सिमेंट सगळीकडे पूर्ण चिकटलेलं धरलेलं असतं आणि फट म्हणजे नुसती रिकामी जागा. प्रत्यक्षात तुकडे एकमेकांवर टेकतात, घसरतात. तिथे घर्षणासह संपर्क दाखवला नसेल तर पोस्टवरचा ताण भलताच येतो. आणि डेंटिनसाठी फॉन मिसेसचा (धातूसारख्या वाकणाऱ्या मटेरियलसाठीच्या एकत्रित ताणाचा) रंगीत नकाशा बघून निष्कर्ष काढू नका. डेंटिन ठिसूळपणे तुटतं, तिथे कमाल खेचीचा मुख्य ताण बघायचा.

डिचोली_दंतवैद्य

तिरक्या फटीचं काय? सगळ्या फटी काही काटकोनात नसतात.

फर्मागुढी_मेकॅनिकल

चांगला मुद्दा. टाळूकडून भार आला की दर्शनी तुकडा ओठाकडे ढकलला जातो. फटीची टाळूकडची कड उघडते, ओठाकडची दाबली जाते. आता फटीचा उतार कुणीकडे आहे ते बघा. दर्शनी तुकडा टाळूच्या बाजूला लांब असेल, तर शेंड्याकडच्या तुकड्याची ओठाकडची भिंत उंच राहते आणि त्याला अडवते. चाव्याचा उभा घटक तो आणखी घट्ट बसवतो. उलट, दर्शनी तुकडा ओठाच्या बाजूला लांब असेल तर प्रत्येक चाव्याला तो उतारावरून ओठाकडे घसरतो, आणि ते सगळं घासणं पोस्टवर येतं. पहिल्या प्रकारात पोस्टला बरीच मदत मिळते. दुसऱ्यात मी आतल्या स्प्लिंटवर एकट्यावर विसंबणार नाही.

फोंडा_एन्डो

माझ्या केसमध्ये फट जवळपास काटकोनात आहे, टाळूच्या बाजूला किंचित लांब. म्हणजे बरी बाजू. आता हाडाचा आधार. हाडाची कड जोडापासून २ मिमीवर आहे, म्हणजे दर्शनी तुकडा हाडात फक्त ३ मिमी.

फर्मागुढी_मेकॅनिकल

हीच या केसची कमजोर जागा. पीडीएलवरचा दाब हाडातल्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्तात जातो. ढोबळ हिशोबाने, तुकडा ३ मिमीऐवजी ६ मिमी हाडात असता तर कडेवरचा दाब एक तृतीयांशाहून खाली आला असता. म्हणूनच शेंड्याजवळ तुटलेल्या मुळाला काहीच लागत नाही, आणि ग्रीवेजवळ तुटलेल्याला काहीही पुरत नाही. ३ मिमीवर हाड फारसा हिस्सा घेणार नाही. तो शेजारच्या दातांकडून घ्यावा लागेल.

साळावली

मग दर्शनी तुकडा काढून टाकून मूळ ऑर्थोने ओढून का घेऊ नये?

मांडवीकाठ

मोजून बघा. फट हाडाच्या कडेपेक्षा ३ मिमी आत आहे. कॅपसाठी फेरूल (कॅप पकडेल अशी दाताची कड) २ मिमी आणि हिरडीच्या जोडणीसाठी २ मिमी, म्हणजे तुटलेली कड हाडाच्या ४ मिमी बाहेर यायला हवी. एकूण ओढ ७ मिमी. मूळ ८ मिमी. त्यातले ४ मिमी बाहेर, हाडात उरतील फक्त ४ मिमी. फट हाडाच्या कडेशी असती तर हा मार्ग उत्तम होता, इथे नाही. इम्प्लांटचं म्हणाल तर २२ वर्षांच्या मुलाच्या ओठाकडच्या पातळ हाडासाठी दात जितका टिकेल तितका चांगलाच. इम्प्लांट नंतरही करता येतं.

बांबोळी_पीजी

कामाची पद्धत कुणी पायरीवार लिहाल का? आमच्या विभागात यावर जर्नल क्लब आहे. विशेषतः फटीतून रक्त येत असताना बाँडिंग कसं करायचं ते.

मांडवीकाठ

लिहितो. लांब होईल, पण बिघाड बहुतेक इथेच होतो.

कॅनल उघडण्याआधी बाहेरचं स्प्लिंट. दात बोटाने जागेवर दाबून धरायचा, फट एक्सरेत मिटलेली दिसली पाहिजे, मगच तार चिकटवायची. ०.४ मिमीपर्यंतची स्टीलची तार, ११-२१-२२ वर (हा दात आणि दोन्ही शेजारी), पूर्णपणे निष्क्रिय बसणारी. तार दाताला लावून बघताना बोट उचललं आणि ती उसळली तर ती वाकवून परत बसवा, कंपोझिटने दाबून चिकटवू नका. तार नसेल तर ०.१३ ते ०.२५ मिमीची नायलॉनची मासेमारीची दोरीही मार्गदर्शक सूचनांत मान्य आहे, मालीम जेटीजवळच्या कुठल्याही दुकानात मिळते. मात्र इथे दर्शनी तुकडा फार सैल आहे, तेव्हा मी तारच घेईन. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) बसवताना क्लॅम्प, म्हणजे तो धरणारा चिमटा, २१ वर नको. प्रीमोलरपासून प्रीमोलरपर्यंत डॅम टाका, क्लॅम्पच्या ओढीने तुकडा सरकतो.

लांबी घेताना अॅपेक्स लोकेटर (कॅनलची लांबी मोजणारं यंत्र) फटीपाशीच शेंडा दाखवतो, कारण तिथे फाइल पीडीएलला भेटते. म्हणून लांबी एक्सरेवरूनच. पहिली फाइल १० किंवा १५ नंबरची, टोक हलकं वाकवून, फट ओलांडताना फिरवू नका, नुसती सरकवा. फट ओलांडताना अडखळली तर तुकडे नीट बसलेले नाहीत असं समजा आणि तार काढून पुन्हा बसवा. पायरी राहू दिली तर पुढे पोस्ट त्या पायरीवर टेकून तुकड्यांना कायम दूर ठेवेल.

धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट १ टक्का, बाजूला भोक असलेली ३० गेजची सुई, फटीच्या २ मिमी अलीकडे थांबवून, बोटाच्या पेराने हळू दाब. शेंड्याकडच्या तुकड्यात द्रव सुईने ढकलू नका. तो फाइलने आणि पेपर पॉइंटने आत न्या. पूर्ण ताकदीचं द्रावण जोराने मारलं तर ते फटीतून हाडात जातं. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड (कॅनलमध्ये भरायचं तात्पुरतं औषध), २ ते ४ आठवडे. हे रक्त थांबवण्यासाठी आणि फटीची सावली आटोक्यात आणण्यासाठी. महिनोन्महिने ठेवू नका, दीर्घकाळ ठेवल्याने डेंटिन ठिसूळ होतं हे दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे.

दुसऱ्या भेटीत कॅनल कोरडा मिळाला तरच पुढे. शेंड्याकडच्या तुकड्यातले शेवटचे ४ मिमी गटापर्चाने (रबरासारखं भरण) किंवा एमटीएने (ओलाव्यात घट्ट होणारं सिमेंट) सील. सीलरमध्ये युजेनॉल नको, त्याने रेझिन नीट घट्ट होत नाही. ८ मिमीच्या तुकड्यात ४ मिमी सीलला गेले, पोस्टला उरले ४. हा हिशोब केस स्वीकारण्याआधी करायचा. शेंड्याकडचा तुकडा ६ मिमीचा असता तर पोस्टला २ मिमी मिळाले असते, आणि २ मिमीच्या पकडीवर आतलं स्प्लिंट म्हणजे नुसती समजूत.

बांबोळी_पीजी

४ मिमीत किती पकड मिळते, याचा काही अंदाज?

फर्मागुढी_मेकॅनिकल

१.३ मिमी व्यास आणि ४ मिमी लांबी, क्षेत्रफळ १६ चौरस मिमी. कॅनलच्या आतल्या भागात बाँड ८ मेगापास्कल धरला तर सरळ ओढून काढायला १३० न्यूटन. पण तोंडात पोस्ट सरळ कुणी ओढत नाही, ती उचकटली जाते. उचकटण्यात पकड लांबीच्या वर्गाने वाढते. ४ मिमीऐवजी ३ मिमी म्हणजे जवळपास निम्मी पकड. मिमीसाठी भांडा.

मांडवीकाठ

पुढे बाँडिंग. शेवटचं धुणं १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुरा विरघळवणारं द्रावण) एक मिनिट, नंतर सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटर भरपूर. हायपोक्लोराइटने शेवट करू नका, मागे राहिलेला ऑक्सिजन रेझिनचं घट्ट होणं अडवतो. कोरडं करायला पेपर पॉइंटच. हवेचा फवारा कॅनलमध्ये मारला की हवा फटीतून ऊतीत शिरते.

पेपर पॉइंट बाहेर काढल्यावर त्याच्या टोकापासून कुठल्या उंचीवर लाल ठिपका आहे ते बघा. ठिपका फटीच्या पातळीवर असेल तर रक्त अजून येतंय. तेव्हा सिमेंट घालायचंच नाही, पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि दोन आठवडे.

सिमेंट ड्युअल-क्युअर (लाइटने आणि रसायनाने, दोन्हींनी घट्ट होणारं), स्वतः चिकटणारं असेल तर बरं, कारण थोडा ओलावा ते सहन करतं. ते लेंटुलोने (फिरत्या पीळदार सुईने) कॅनलभर मारू नका. मिक्सिंग टिपच्या लांब नळीने शेंड्याकडच्या तुकड्यात थोडं, आणि पोस्टवर पातळ थर. जास्त झालेलं सिमेंट फटीत जाऊन पातळ पापुद्रा बनवतं, तुकडे दूर ठेवतं, आणि तिथे ना हाड येतं ना संयोजी ऊती. पोस्ट सावकाश आत सरकवताना दुसऱ्या हाताने दात शेंड्याच्या दिशेने दाबून धरा. लाइट ४० सेकंद, आणि कडक व्हायला वेष्टनावर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा. कॅनलच्या खोलवर लाइट पोचत नाही, रासायनिक घट्ट होण्यावरच विसंबायचं आहे.

लगेच एक्सरे. फटीबाहेर सिमेंट दिसलं तर मोजून ठेवा. अर्ध्या मिमीचा फुगवटा पुढच्या भेटींत वाढतोय का ते बघता येतं.

डिचोली_दंतवैद्य

आपल्याकडच्या, गोव्याच्या पावसाळ्याबद्दल एक भर घालते. जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की सिलेन (पोस्टला सिमेंट चिकटावं म्हणून लावायचं रसायन) आणि बाँडिंगच्या बाटल्या उघड्या राहिल्या की बिघडतात. फ्रिजमधून काढलेलं सिमेंट थंड असताना उघडलं की सिरिंजवर पाणी धरतं. वापरण्याआधी अर्धा-पाऊण तास बंदच बाहेर ठेवा. सिलेन शक्यतो एकेका वापराच्या छोट्या पॅकमधलं घ्या. आणि लाइट गेली तर क्युअरिंग लाइटची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, पोस्ट अर्धी बसलेली असताना ती मंदावली की काही करता येत नाही.

फोंडा_एन्डो

हे सगळं नोंदवलंय. आता चाव्याचं. रुग्ण फुटबॉल खेळतो.

मांडवीकाठ

चाव्याचं काम पोस्टपेक्षाही मोठं आहे. भुजा १२ मिमी आहे, ती कमी करा. मधल्या दातावर खालच्या दाताचा स्पर्श टोकाकडे असेल तर तो ग्रीवेकडे आणा किंवा पूर्ण काढा. स्थिर चाव्यात १२ मायक्रॉनची पातळ फॉइल ओढली तर २१ वरून सुटली पाहिजे आणि ११ व २२ वर धरली गेली पाहिजे. जबडा पुढे सरकवताना २१ वर रंगाची एकही रेघ नको. टोकाकडून १ मिमी कमी करता येत असेल आणि दिसायला चालत असेल तर करा, मोमेंट तेवढाच घटतो.

फुटबॉलसाठी मापाचा माउथगार्ड, बाजारातला उकळून बसवायचा नको, तो या एका दातावर घट्ट बसून त्यालाच ओढतो. पहिले सहा महिने मैदान बंदच. आणि पुढच्या दातांनी तोडून खायच्या गोष्टी बंद: ऊस, जत्रेतलं खाजं, कडक कांकणं (बांगडीच्या आकाराचा पाव), पेरू. पाव तुकडे करून मागच्या दातांनी. तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्या.

साळावली

बाहेरची तार किती दिवस?

मांडवीकाठ

४ महिन्यांची मर्यादा ताज्या जखमेसाठी आहे. इथे वर आलेला हिशोब बघता, हाडाचा आधार ३ मिमी असताना, मी पहिली तार ४ महिन्यांनी काढून टाळूच्या बाजूला ०.०१७५ इंची पीळदार तार कायमची ठेवेन, ऑर्थोनंतर लावतात तशीच. टाळूकडची कड उघडू पाहते, आणि तार तिथेच असते. कंपोझिटचे ठिपके छोटे ठेवा, दातांच्या मधली तार मोकळी राहू द्या. मधली तार कंपोझिटने झाकली की ती ताठ होते आणि ठिपका सुटतो.

फर्मागुढी_मेकॅनिकल

दुजोरा. तिन्ही दात जोडले की आडवा भार शेजारच्या दोन निरोगी मुळांकडे जातो. मॉडेलमध्ये पोस्टची जात बदलून जो फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक ही तार लावून पडतो.

बांबोळी_पीजी

पुढच्या तपासण्या कधी, आणि यश कशाला म्हणायचं?

मांडवीकाठ

४ आठवडे, ६ ते ८ आठवडे, ४ महिने, ६ महिने, १ वर्ष, मग दरवर्षी निदान ५ वर्षं. दरवेळी एकाच कोनातून एक्सरे, आणि एक कोन बदलून. फट भरण्याचे प्रकार आंद्रेआसेन आणि योर्टिंग-हान्सन यांनी १९६७ मध्ये सांगितले तेच आजही वापरतात: कठीण ऊतीने जोड, मध्ये संयोजी ऊती, मध्ये हाड आणि संयोजी ऊती, आणि चौथा म्हणजे भरलंच नाही, ग्रॅन्युलेशन ऊती (सुजेची मऊ ऊती). या केसमध्ये कठीण जोडाची अपेक्षा धरू नका. फटीच्या कडा गोल झाल्या, रेषा स्पष्ट राहिली पण भोवतीचं हाड भरलं, दात नेहमीइतकाच हलला, तर ते यशच. अपयशाची पहिली खूण एक्सरेआधी दिसते: तारेचा ठिपका पुन्हापुन्हा २१ वरूनच सुटणं. आतली पोस्ट सैल झाल्याशिवाय तसं सहसा होत नाही.

फोंडा_एन्डो

देव बरें करूं सगळ्यांना. ठरलं ते असं: आता तार, कॅल्शियम हायड्रॉक्साइड ३ आठवडे, मग शेंड्याला ४ मिमी एमटीए. दोन टप्प्यांची फायबर पोस्ट, फटीपाशी १.४ च्या खाली नाही, टोकाला १.१. चावा आजच कमी करतो, पोस्टची वाट बघत नाही. एकच प्रश्न उरला. एमटीएवर पोस्ट त्याच भेटीत बसवता येईल का?

मांडवीकाठ

नको. एमटीए घट्ट व्हायला तीन-चार तास लागतात, आणि पोस्टची जागा धुताना ईडीटीए त्याच्या पृष्ठभागाला खातं. ओला पेपर पॉइंट किंवा कापसाचा बोळा ठेवून तात्पुरतं बंद करा, निदान एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या भेटीत प्लगरने (बोथट टोकाच्या दांडीने) ठोकून बघा, टणक लागलं तरच पोस्ट. एमटीए पांढरं घेतलं तरी दर्शनी तुकड्याच्या भिंतीला लागू देऊ नका, बिस्मथमुळे दात काळवंडतो. वाहून नेताना नळी फटीच्या पुढे गेल्यावरच दाबा.